सारवलेलं मैदान

मी खेळाचा मास्तर. तोंडात शिट्टी आणि नाकावर राग, अशी मुरबाड तालुक्यात माझी ओळख आहे आणि ती काही खोटी नाही. म्हणून मलेशियाहून आपल्याकडे डॉक्टरकी शिकायला आलेल्या मुलांच्या वार्षिक क्रीडा स्पर्धा टोकावड्याजवळच्या आमच्या शाळेत घ्यायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला पहिलं काय सांगितलं असेल, तर "दोन दिवस जरा गोड बोला." ही मुलं मुंबई, पुणे, नाशिक अशी विखुरलेली. वर्षातून एकदा खेळायला एकत्र जमतात. शहरात मैदान मिळेना, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने त्यांनी आम्हाला गाठलं. तिन्ही शहरांना सारखंच गैरसोयीचं पडेल, असं ठिकाण त्यांना दुसरं सापडलं नसतं.

खेळांच्या यादीत फुटबॉल होता, रस्सीखेच होती, बॅडमिंटन होतं आणि सेपक टकरा होता. हे शेवटचं नाव मी शालेय स्पर्धांच्या कागदावर वर्षानुवर्षं वाचत आलो होतो, पण खेळ पाहिला नव्हता. मोबाईलवर पाहिला. मध्ये जाळी, दोन्हीकडे तीन-तीन गडी, आणि विणलेला छोटा चेंडू पायाने जाळीपलीकडे मारायचा. हात लावायचा नाही. त्यात एखादा गडी हवेत उलटा होऊन लाथ मारतो आणि पाठीवर आपटतो. बघूनच माझी कंबर धरली. आमचं मैदान म्हणजे मुरूम आणि खडे. त्यावर एक कोलांटी मारली असती, तर उद्याचा डॉक्टर आजच दवाखान्यात गेला असता.

मग मी ते केलं, जे आमच्याकडे कुणीही केलं असतं. भात झोडायला खळं करतात, तसं मैदान करून घ्यायचं ठरवलं. आमच्या कबड्डीचं मैदानही आम्ही कधीकाळी असंच करायचो.

सिद्धगडाच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली एक म्हातारी खळं करण्यात एवढी नावाजलेली की चार गावांतून तिला बोलावणं यायचं. मी तिला काकी म्हणतो. परदेशातली पोरं खेळायला येणार म्हटल्यावर ती दोन्ही सुनांना घेऊन आली. तीन दिवस तिघी खपल्या. खडे वेचले, पाणी मारलं, जमीन चोपली आणि वरून शेणाचे दोन हात सारवले. कडेच्या रेषासुद्धा तिने हातानेच सरळ धरल्या, दोरी लावू दिली नाही. कुत्रं फिरकू नये म्हणून शेवटच्या दिवशी ती स्वतः काठी घेऊन बसली. मी पुष्कळ मैदानं आखली आहेत, पण इतकं देखणं मैदान माझ्या हातून कधी झालं नाही.

शनिवारी सकाळी दोन बस आल्या. मुलांची पुढारी एक मुलगी होती, शेवटच्या वर्षाची, डोक्याला हिजाब, हातात याद्यांचा गठ्ठा. तिला मराठी येत होतं, पण फक्त वॉर्डातलं. पेशंटशी बोलायला लागतं तेवढं. मैदानाच्या कडेला बसलेल्या काकीसमोर ती वाकली आणि अतिशय आदराने म्हणाली, "आजी, काय त्रास होतो? कधीपासून?"

"गुडघं गो बाय," काकी म्हणाली. "दोन वरसं झाली." आणि तिने लुगडं सारून गुडघा दाखवलासुद्धा. पोरीने तो तपासलाही. सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे बघा.

पोरं मैदानाभोवती जमून फोटो काढायला लागली. हात फिरवून बघत होती. इतकं गुळगुळीत कशाने होतं, असं त्या मुलीने विचारलं आणि मी छाती काढून सांगितलं. शेण म्हणजे काय ते तिला वॉर्डात कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून इंग्रजीतही सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. ती मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, सर, आमच्यातले बरेच जण नमाज पढतात. अंग आणि कपडे स्वच्छ लागतात, आणि आमच्या रीतीत जनावराचं शेण अंगाला लागलेलं चालत नाही. या खेळात तर पडायलाच होतं. आम्ही हा खेळ स्टेजसमोरच्या सिमेंटवर घेऊ का?

माझं डोकं फिरलं. "आम्ही यावर धान्य टाकतो! तेच खातो!" असं मी ओरडलो. त्या पोरीचे डोळे भरून आले. मग माझी मलाच लाज वाटली. तिने तिच्या घराची रीत सांगितली होती, माझ्या घराला नावं ठेवली नव्हती. आणि ज्या सिमेंटवर मी पोरांना पळूही देत नाही, त्यावर कोलांट्या मारायला ती तयार झाली होती.

पण आता मला खरी काळजी लागली काकीची. ती आणि सुना आंब्याखाली खेळ बघायला बसल्या होत्या. तीन दिवसांच्या कष्टावर कुणी पायसुद्धा ठेवणार नाही, हे या म्हातारीला कोणत्या तोंडाने सांगायचं? तुझ्या हातचं चालत नाही, असंच तिला ऐकू येणार. मी त्या मुलीला म्हटलं, तू गप्प राहा, मी बघतो. आणि काकीजवळ जाऊन म्हणालो, "काकी, खेळ जरा तिकडं सिमेंटवर घेऊ. मैदान अजून वलं आहे."

काकी उठली, मैदानावर गेली आणि उकिडवी बसून तिने तळवा टेकवला. एका ठिकाणी, दुसऱ्या ठिकाणी, मधोमध.

"वल?" ती म्हणाली. "माज्या खल्याला वल? चालीस वरसं खली करते मी, मास्तर. कोनी असं बोल्ला नाय."

तिने सुनांना हाक मारली, काठी उचलली आणि ती फाटकाकडे चालायला लागली. मी मागून "काकी, काकी" करत राहिलो.

ती मुलगी लांबून बघत होती. ती याद्या टाकून धावली आणि फाटकाशी काकीचा हात धरून, वॉर्डातलं जेवढं मराठी होतं तेवढं सगळं तिने एका दमात बाहेर काढलं. "आजी, मैदान सुकं. काम एकदम चांगलं. आम्ही नमाज करतो. कपडे साफ पाहिजे. शेण लागलं तर नमाज नाही होत. आजी, तुम्हाला दुखलं. सॉरी."

काकीने तिचं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे नुसती माती पायजे तुमाला?"

पोरीने मान डोलावली.

"मग तांबड्या मातीनं सारवते. त्यात काय एवढं? भिवंडीच्या बाजूला आमी वीटभट्टीवर व्हतो ना, तवा शेजारीन नमाजवालीच व्हती. तिचं आंगन मातीनंच सारवून द्यायची मी." मग सुनांना म्हणाली, "चला गो, खोरं आना. वरचा थर खरवडून टाकू, पानी मारू. उद्या सकाली खेलतील पोरं."

इतकं साधं होतं ते. ती मुलगी रडता रडता हसायला लागली आणि बाह्या सारून सुनांच्या मागे गेली. काकी मात्र माझ्यापाशी थांबली. रागावली नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

"ती पोर परकी," ती म्हणाली. "तिनं खरं सांगतलं. तू तर आपला ना रे?"

मी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली, घमेलं उचललं आणि तिच्या मागोमाग माती आणायला गेलो.