देव सासूबाईंकडे असतात

आमच्या घरचे देव वृद्धाश्रमात राहतात. हे मी माहेरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. सासूला ठेवलं ते ठेवलं, या पोरीने देवांनाही सोडलं नाही, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. मला सांगायला वेळ लागतो, म्हणून आता सगळं नीट सांगते.

उल्हासनगरच्या कॅम्पात आमची चार मजली जुनी इमारत होती. एका दुपारी वरच्यांच्या हॉलची जमीन आमच्या हॉलमध्ये आली. नवरा अंबरनाथला एमआयडीसीत कामावर होता, मी शाळेच्या ऑफिसात. सासूबाई घरात एकट्या होत्या, पण वॉकर धरून ओट्यापाशी चहा उकळत उभ्या होत्या, म्हणून वाचल्या. पुढे कित्येक दिवस त्या येईल त्याला "चहानं वाचवलं बाई मला" असं सांगायच्या. देवाने वाचवलं म्हणायची सोयच नव्हती. देव हॉलमध्ये होते आणि ढिगारा त्यांच्याच डोक्यावर पडला होता.

महापालिकेची नोटीस आली, इमारत रिकामी झाली आणि बिल्डरने नवीन बांधून द्यायचं ठरलं. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये भाड्याची जागा घेतली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंचा खुबा आधीच मोडून बसवलेला, जिना त्यांच्या कुवतीबाहेरचा. तळमजल्यावर घर मिळालं नाही, असं आम्ही लोकांना सांगायचो. घरं मिळत होती. दिवसभर त्यांच्याजवळ कोण थांबणार याचं उत्तर मिळत नव्हतं. ब्युरोतून आणलेल्या बायका पावसाळी छत्रीसारख्या, गरजेच्या दिवशी नेमक्या दुसरीकडे असायच्या.

मग चिखलोलीच्या पुढे एक जागा कळली. मोठा बंगला, खाली आज्या, वर आजोबा, कामाला मावश्या, रात्रीला एक सिस्टर. आम्ही त्याला 'सेंटर' म्हणायचो. सासूबाई पहिल्या दिवसापासून 'बोर्डिंग' म्हणाल्या. "पोरांना ठिवत्यात तसं मला ठिवताय. ऱ्हाते. घर झालं की न्यायला या." नवऱ्याने पझेशन मिळालं की त्याच दिवशी न्यायचं कबूल केलं. तो तेव्हा खरंच बोलत होता, हे मी कुणासमोरही सांगेन.

निघायच्या सकाळी बघते तर त्यांनी ढिगाऱ्यातून काढून आणलेले देव खणात बांधायला घेतलेले. खंडोबाचा, भवानीचा आणि घरातल्या एका जुन्या वीराचा असे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले टाक. शिवाय माझी अन्नपूर्णा. लग्नात माहेराहून मुलगी अन्नपूर्णा आणते, तशी मी आणलेली, बोटभर उंचीची, पितळेची.

"आई, देव कशाला नेताय तिकडे?"

"मग कुठं ठिवू? तुमी दोघं सकाळी कुलूप लावून जाता. देवाला कोंडून घालायचं?"

"निदान माझी अन्नपूर्णा तरी राहू दे."

"ती एकटी काय करल? तिला समद्यांत बसायची सवय हाय."

मला संताप आला. माझ्या माहेरची वस्तू मला न विचारता गाठोड्यात गेली, आणि मी काही बोलले तर जाताजाता म्हातारीशी भांडली म्हणून मीच वाईट. मनात म्हटलं, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. टॅक्सीत त्या गाठोडं मांडीवर धरून बसल्या होत्या, जणू कुणी हिसकावून नेणार होतं.

खोलीत त्यांची जोडीदारीण एक निवृत्त शिक्षिका होती. त्या फारशा बोलत नसत, म्हणजे सासूबाईंना हवी तशीच जोडी मिळाली. खिडकीच्या कट्ट्यावर पाट मांडला आणि देव बसले. उल्हासनगरात सिंधी शेजार इतकी वर्षं झाला की आल्या माणसाला आधी पापड आणि पाणी द्यायची सवय सासूबाईंच्या अंगात मुरलेली. इथेही त्यांनी पापडांचा डबा ठेवला. आम्ही रविवारी गेलो की मावशी पापड भाजून आणायची आणि आम्ही पाहुण्यांसारखे पलंगाच्या कडेला बसून खायचो. पहिले काही रविवार मी माझा पापड नवऱ्याच्या ताटलीत सरकवायची.

तिथे सगळं गोड होतं असं नाही. फिनेलचा वास कपड्यांना चिकटून घरी यायचा. संध्याकाळचं जेवण उजेडातच उरकायचे. "डाळीत उतरून शोधलं तरी डाळ गावायची न्हाय," असं सासूबाई सेंटर चालवणाऱ्या मॅडमच्या तोंडावर म्हणायच्या. कधी दुसऱ्या कुणाचा गाऊन त्यांच्या अंगावर असायचा आणि मी तणतणत मॅडमच्या ऑफिसात जायची. पण शुगर ताब्यात आली हेही खरं. पाठीला एक जखम होऊ घातली होती, ती मावश्यांनी कूस बदलून बदलून बरी केली. माझ्या हातून ते झालं नसतं. आमच्याकडे प्रेमाला तोटा नव्हता. दुपारी बारा वाजता हजर असलेले हात नव्हते.

हे अंबरनाथच्या काकूंना, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या जावेला, कधी पटलं नाही. "आपल्यात असं कधी झालं नव्हतं," हे त्यांचं पालुपद. एकदा मी म्हणाले, "काकू, आपल्यात पूर्वी खुबा मोडलेली बाई वर्षभरही टिकायची नाही, म्हणून हा प्रश्नच आला नव्हता." तेव्हापासून त्या माझ्याशी नवऱ्यामार्फत बोलतात.

देव तिकडे, म्हणजे सण तिकडे. हे गणित पहिल्या चंपाषष्ठीला माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य असतो आणि तळी भरतात. ताम्हनात नारळ, विड्याची पानं, सुपारी, भंडारा ठेवायचा आणि पुरुषांनी मिळून ते उचलायचं. पुरुष विषम संख्येत हवेत. आमच्याकडे नवरा एकटा. सासूबाई मला म्हणाल्या, "जा, वरनं चार म्हातारे घेऊन ये."

मी वर गेले आणि शोभतील असे चार आजोबा गोळा केले. त्यांत एक सिंधी काका होते, त्यांनी आधी विचारलं, "मुझे चलेगा क्या?" सासूबाईंनी खालूनच ओरडून सांगितलं, "हात हाय ना? मग चलतंय!" एकाचा हात इतका थरथरायचा की ताम्हन हलून भंडारा उडाला आणि शिक्षिकाबाईंच्या चष्म्यावर बसला. सदानंदाचा येळकोट असा गजर झाला तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज सिंधी काकांचा होता. शिक्षिकाबाईंनी पिवळा चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवला आणि हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. भरीत कमी पडलं, कारण मी तिघांपुरतं नेलं होतं.

मग नवरात्रात घट तिथे बसला, दसऱ्याचं सोनं तिथे वाटलं गेलं. कंटाळा केला तरी जावं लागायचं. एखादा रविवार पाहुण्यांमुळे, सर्दीमुळे, नुसत्या आळसामुळेही बुडायचा. सण बुडवायची हिंमत दोघांत नव्हती.

दर भेटीत सासूबाईंचा एक प्रश्न ठरलेला. "कुठवर आलं?" नवरा सांगायचा, पाया झाला, दुसरा स्लॅब पडला, भिंती चढल्या. त्या बोटांवर काहीतरी मोजायच्या आणि पुढचं विचारायच्या. मधल्या काळात त्यांचा दुसरा पाय अधू झाला. वॉकर कोपऱ्यात गेला, व्हीलचेअर आली. पलंगावरून उचलायला दोन मावश्या लागायला लागल्या. प्रश्न मात्र तोच. मला त्या प्रश्नाची भीती वाटायला लागली होती.

शेवटी पझेशन मिळालं. लिफ्ट आहे, दरवाजे रुंद आहेत, आणि नकाशावर नवऱ्याने एका खोलीत पेनने 'आई' लिहून ठेवलेलं. आता सांगायला एकही सबब उरली नव्हती. आम्ही किल्ली दाखवायला गेलो. सासूबाईंनी किल्ली हातात घेऊन उलटसुलट केली, चांगली जड आहे म्हणाल्या, आणि परत दिली. न्यायला कधी येताय हे विचारलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. आम्ही लाद्यांच्या रंगावर बोलत राहिलो. इतकी वर्षं ज्या प्रश्नाला घाबरत होते तो त्या विचारत नाहीत, याने माझा जीव कासावीस झाला.

घरी आम्ही दोघं रोज तेच उगाळायचो. नोकरी कुणी सोडायची? एकाने सोडली तर हप्ते कसे जाणार? दिवसा एक बाई ठेवली तरी उचलायला दुसरी कोण? एकदा नवरा चिडून म्हणाला, "मग तूच सांग तिला." मी म्हणाले, "आई तुझी आहे." इतकं घाणेरडं भांडण आम्ही लग्न झाल्यापासून केलं नव्हतं. रडू दोघांनाही आलं, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

अखेर बोलल्या त्याच. "वास्तुशांत कधी धरलीय?" नवऱ्याने दिवस सांगितला. "बरं. सकाळी न्या आन् संध्याकाळी आणून सोडा."

"आई, असं काय बोलतेस?"

"मग काय बोलू? मला उचलायला दोन माणसं लागत्यात. तू कामाला, ही कामाला. कोण उचलणार, लिफ्टवाला?" मग पापडाचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मला हितं करमतं आता. देव तेवढे घरी बसवा. त्येंचं घर झालं, त्येंनी जावं."

त्यांना खरंच तिथे करमतं, की आमची सुटका व्हावी म्हणून त्या तसं म्हणाल्या, हे मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पण परतताना रिक्षात एक गोष्ट लख्ख कळली. त्या सकाळी त्यांनी देव हट्टाने नेले नव्हते. माणसं आईला विसरत नाहीत, पण उद्यावर ढकलतात, हे त्या जाणून होत्या. देवाला उद्यावर ढकलता येत नाही. आणि आता त्या देव परत देत होत्या. म्हणजे, या, नाही आलात तरी चालेल, असं सांगत होत्या. मला त्यांचा पुन्हा रागच आला. इतकं सोपं करून द्यायला यांना कुणी सांगितलं होतं?

वास्तुशांतीला त्या व्हीलचेअरवर आल्या, मांडीवर तेच गाठोडं. गुरुजींनी नव्या देव्हाऱ्यात देव मांडले. सासूबाईंनी सगळं घर फिरून पाहिलं, नळ सोडून बघितले, स्वयंपाकघरातला ओटा उंच झाला म्हणाल्या. दुपारी 'आई' लिहिलेल्या खोलीत तासभर झोपल्या. मी दारातून बघत होते आणि आत्ता जाऊन म्हणावं, राहा, काय व्हायचं ते होईल, असं अगदी जिभेवर आलं होतं. मग त्यांना कूस बदलायची होती. नवरा आणि काकूंचा मुलगा दोघं धावले तरी जमेना आणि त्या कळवळल्या. जिभेवरचं मी गिळलं.

संध्याकाळी त्यांना निघायची वेळ झाली तेव्हा मी देव्हाऱ्यातून टाक काढले आणि खणात बांधायला लागले. काकू इतक्या हादरल्या की माझ्याशी थेट बोलल्या. "अगं, बसवलेले देव घराबाहेर काढतेस?"

"घराबाहेर नाही. आईंकडे ठेवतेय."

गुरुजी दक्षिणा घेऊन चप्पल घालत होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, देवाच्या जागी सुपारी मांडून पूजा करता येते, शास्त्राला चालतं. मी पूजेतल्याच सुपाऱ्या घेतल्या आणि प्रत्येक टाकाच्या जागी एकेक ठेवली. अन्नपूर्णाही गाठोड्यात घातली. तिला सगळ्यांत बसायची सवय आहे.

सासूबाई बघत होत्या. गाठोडं मांडीवर ठेवलं तेव्हा म्हणाल्या, "सुपारीला कीड लागती गं. किती दिवस ठिवशील?"

"तुम्ही येईपर्यंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या येणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी खणाची गाठ चाचपली, माझी सैल झाली होती, ती सोडून पुन्हा घट्ट बांधली. म्हणाल्या, "मग चंपाषष्ठीला वांगी कवळी आण. गेल्या खेपंला निसत्या बिया होत्या. आन् भरीत जास्त कर, वरचे म्हातारे लई खात्यात."

गेल्या आठवड्यात सुपाऱ्या बदलल्या. जुन्या खरंच पोकळ झाल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या सिंधी दुकानदाराने विचारलं, "कसली देऊ ताई, पूजेची का खायची?"

मी म्हणाले, "जागा धरायला."