नागनाथने चढलेला घाट

नागनाथ नांदेडकडून सुरतेला आला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. आता केस पांढरे झाले. मधली सगळी वर्षं कतारगामच्या कापडाच्या लूम-कारखान्यात गेली आणि तिथल्या खडखडाटाने त्याचे कान खाल्ले. डावा पार गेला. उजव्याला, कोणी जवळ येऊन ओरडलं तरच कळे. कोसाडच्या घरून तो रोज सायकलने कामावर जाई. एकदा अमरोलीच्या पुलावर मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न त्याला ऐकू आला नाही आणि रिक्षा हँडलला घासून गेली. मुलगी विशाखा म्हणाली, "पप्पा, आता सायकल बंद. बसनं जा."

ते त्याच्या जिव्हारी लागलं. आज सायकल, उद्या काम, परवा एकट्याने बाजारात जाणंही बंद होईल, अशी धास्ती त्याने घेतली. कोणाला न सांगता एका सुट्टीला तो सायकलनेच बारडोलीला जाऊन आला. मग व्यारा. मग उकाईचं धरण. आणि शेवटी त्याने घरात सांगून टाकलं: सापुताऱ्याचा घाट एका दिवसात चढणार, याच बिनगिअरच्या सायकलवर.

"ऐकू येइना आन् घाट चढायलाव?" बायको चंद्रभागा त्याच्या उजव्या कानाशी ओरडली. "कुटं पडलाव तर कोण उचलंल?"

तरी पहाटे तिनेच दशम्या बांधून दिल्या. विशाखाने सायकलला पुढे टॉर्च आणि मागे लाल दिवा लावला.

उजेडातच वर पोचायचं असं ठरलं होतं. पण वघईत चेन तुटली. दुरुस्तीवाला जेवायला गेलेला, त्यात दुपार संपली. शामगहाण मागे पडलं आणि खरा चढ सुरू झाला, तेव्हा जंगलात मिट्ट काळोख भरला होता.

पहिल्याच वळणावर एक ट्रक त्याला खेटून गेला. आधी काहीच कळलं नाही; एकदम वाऱ्याचा लोट आला आणि सायकल कठड्याकडे ढकलली गेली. पलीकडे दरी. नागनाथने ब्रेक दाबून पाय टेकला. त्यानंतर तो आपल्या सावलीवर नजर ठेवून चालवू लागला. सावली पुढे लांब पसरली, की मागून गाडी आली समजायचं आणि कडेला उतरून उभं राहायचं.

असाच थांबला असताना भाजीचा एक टेम्पो शेजारी उभा राहिला. ड्रायव्हरने, मगनने, खुणेने बसायला सांगितलं. मोह झाला. अंग घामाने भिजलं होतं, छाती धडधडत होती. पण बसलो तर परत कधीच सायकलला हात लावणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"बसत नाही, भाऊ. मागनं उजेड तेवढा धरता का?"

मगनने धरला. दोन-तीन वळणं टेम्पो मागून रांगत आला. मग इंजिन तापलं. मगनने हात जोडले आणि तो पुढे निघून गेला. त्याचे दिवे झाडांत विझले. त्यात टॉर्चही मंदावत चालला.

आणि समोर कठड्याजवळ दोन डोळे चमकले.

नागनाथ जागच्या जागी थिजला. ते गुरगुरतंय का, पाला वाजतोय का, काहीच कळेना. मागे आणखी एखादं असेल तर? मान वळवायचीही हिंमत होईना. त्याने घंटी दाबली, दाबतच राहिला. तिचा आवाज त्याला येत नव्हता, फक्त थरथर अंगठ्याला जाणवत होती. तो ओरडलाही, काय ओरडला ते नंतर त्याला सांगता आलं नाही. मग डोळे विझले. बिबट्या होता की एखादं वासरू, कोणास ठाऊक.

पुढचा रस्ता त्याने पेडल मारत, मध्येच पायी ढकलत, रडत पार केला. हॉटेलांचे दिवे दिसले तेव्हा त्याने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर चंद्रभागाचे ओठ भराभर हलत होते. शिव्या होत्या की आशीर्वाद, त्याला कळलं नाही.

"पोचलो," तो म्हणाला आणि फुटपाथवर मटकन बसला.

सायकलने खाली उतरायची त्याची छाती झाली नाही. सकाळी सुरतेला जाणाऱ्या टेम्पोत सायकल टाकून तो घरी आला आणि हे त्याने लपवलं नाही. विशाखाने बसचं नाव पुन्हा काढलं नाही. तिने हँडलला एक आरसा बसवून दिला.

अजूनही चाळीतली लाइट गेली, की नागनाथ आधी चंद्रभागाचा हात शोधतो.