तुळसाने मागितलेला कौल

तुळसा हत्तिणीचे पाय धुवायच्या कामाला लागली तेव्हा गावात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. नवरा मुंबईला गेला तो तिकडेच दुसरीबरोबर राहिला. हिला स्वतःला कोणी तांब्याभर पाणी द्यायला नाही आणि ही निघाली हत्तीचे पाय धुवायला, असं माझी सख्खी चुलतीच म्हणाली. आमचा गाव कुडाळच्या वरच्या अंगाला, डोंगरालगत. भात, काजू, आंबे आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याची चौकशी, एवढीच आमची पिकं.

हत्तीण म्हणजे कावेरी. जन्मभर डांबरी रस्त्यावर भीक मागत फिरवलेली. मालकाच्या तावडीतून सोडवली तेव्हा तिच्या पुढच्या डाव्या पायाचा तळवा आतून सडला होता. एका संस्थेने देवस्थानच्या पडीक जमिनीवर तिच्यासाठी शेड बांधली, आणि पुण्याहून नम्रता नावाची तरुण डॉक्टर येऊन राहिली. तिची उपचाराची रीत आम्हाला नवी होती. इंजेक्शनं होतीच. पण पायाखाली वाळू, अंगाला चिखल, पोटाला नाचणीचे गोळे आणि भेरल्या माडाची पानं, कडुनिंबाच्या कोमट पाण्यात पायाला शेक आणि वरून उंडीचं तेल. साखळी नाही की अंकुश नाही. "नुसता पाय आजारी नाही हो, सगळी कावेरीच आजारी आहे," असं ती सांगायची. आम्ही माना डोलवायचो आणि घरी येऊन तिची नक्कल करायचो.

कावेरी पायाला कोणाचा हात लागू देत नसे. पायाला हात लावणारा माणूस साखळी घालतो, एवढंच तिला माणसांविषयी ठाऊक. तुळसा रोज गजांच्या बाहेर बसून तिच्याशी बोलायची. नवऱ्याला द्यायच्या राहून गेलेल्या सगळ्या शिव्या तिने त्या हत्तिणीसमोर दिल्या. पावसाळा सरता सरता केव्हातरी "पाय दी गो बाय" म्हटल्याबरोबर कावेरीने गजांमधून पाय बाहेर काढला आणि ओंडक्यावर ठेवला. दिला तो फक्त तुळसाला. नम्रताने हाक मारली तर ती ढिम्म हलत नसे. जखम भरायला लागली. तुळसाच्या अंगावरही थोडं मांस चढलं, आणि लोक तिला नावाने हाक मारू लागले.

मग जत्रा आली. भाई म्हणजे आमचे देवाचे मानकरी, गावात त्यांचा शब्द शेवटचा. ते शेडवर गेले आणि म्हणाले, "जागो देवाचो. हत्तीण पालखीम्होरे चलाक व्हयी."

नम्रता एकदम उसळली. रस्ता नुकताच खोदून त्यावर खडी टाकलेली, तळव्याची कातडी अजून कागदासारखी. चालली तर वर्षाची मेहनत मातीत, असं तिने एक्स-रे दाखवून सांगितलं. सरकारी कार्यालयात फोन केला, तर लोकांच्या भावना आहेत, तुम्ही तुमच्या पातळीवर मिटवा, असं उत्तर मिळालं. भाई हसले. आता नम्रता फाटकात आडवी पडणार, असं आम्हाला वाटत होतं आणि खरं सांगायचं तर तो तमाशा बघायलाच आम्ही थांबलो होतो.

तेवढ्यात तुळसा म्हणाली, "देवाक इचारूया."

"तुळसाताई, देवाला कशाला विचारायचं? एक्स-रे समोर आहे!"

"देव काय आंधळो आसा? तेका दिसता तिचो पाय." आणि भाईंकडे वळून म्हणाली, "कौल लावा. देव सांगात तां माका मान्य."

हे तिने खोटं धैर्य आणून म्हटलं नव्हतं. नवरा परतला नाही तेव्हा माहेरी जावं की इथंच राहावं, हे तिने देवालाच विचारलं होतं. राहा म्हणून कौल मिळाला, आणि त्या एका शब्दावर ती आमच्यासारख्यांच्या गावात राहिली होती. असा देव मुक्या जनावराचा पाय मोडायला सांगेल, हे तिच्या मनालाही शिवलं नाही. तिची ती खात्री बघून नम्रतानेसुद्धा एक्स-रे पाकिटात घातला.

देवळात सगळा गाव जमला. गुरवाने पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तुळसा हात जोडून, डोळे मिटून उभी होती. ओठांवर बारीक हसू होतं. उजवी पाकळी पडली तेव्हा लोकांनी गजर केला, म्हणून तिला कळलं.

साखळी मालवणच्या बंदरातून आणली, ट्रॉलरची. साखळीशिवाय हत्ती रस्त्यावर आणता येणार नाही, असा पोलिसांचा आग्रह होता. ती घालणार कोण आणि कशी, याचा मात्र कोणी विचार केला नव्हता. माणसं जवळ गेली की कावेरी शेडच्या मागच्या भिंतीला जाऊन भिडत होती. मग सगळ्यांनी तुळसाकडे पाहिलं.

"तुम्ही नुसती हाक मारू नका," नम्रता तिचा हात धरून म्हणाली. "तुमच्याशिवाय ती कोणालाच पाय देणार नाही. काही करू नका, फक्त गप्प राहा."

"देवाक शब्द दिलंय मी," तुळसा म्हणाली. ती गजांजवळ जाऊन बसली. "पाय दी गो बाय."

कावेरी भिंतीपासून निघाली, लंगडत पुढे आली आणि पाय ओंडक्यावर ठेवला. भाईंच्या माणसांनी साखळी घालून कुलूप लावलं. तिने पाय मागे ओढला नाही. तुळसाकडे बघत तशीच उभी राहिली.

"बघा, किती शाणी आसा!" भाई म्हणाले.

ती चालली. भर उन्हात, खडीवरून, ढोल आणि फटाक्यांमधून ती देवळापर्यंत चालली. बायकांनी तिच्या पायांवर पाणी घातलं, पोरांना तिच्या पोटाखालून नेलं, कोणी गूळ भरवला, कोणी सोंडेला लोंबकळून फोटो काढले. नम्रता बाजूने धावत "थांबवा, थांबवा" ओरडत होती. ढोलाच्या आवाजात तिचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं. देवळासमोर कावेरीने सोंड वर केली. आयुष्यभर तेच शिकवलेलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

परतताना तुळसाला रस्त्यावर डाग दिसले. तांबूस, पिवळट, एकेका पावलाच्या अंतरावर. आमच्या बायकांनी तोवर त्या प्रत्येक डागाभोवती रांगोळी काढली होती आणि वर हळदकुंकू, फुलं वाहिली होती. तुळसा खाली बसली आणि पदराने डाग पुसायला लागली.

भाईंची बायको सुशीला धावत आली. "गो, खुळी झालंस? लक्षुमीची पावलां ती!"

"पू आसा तो," तुळसा म्हणाली आणि पुढच्या डागाकडे सरकली. तिला दोघींनी बखोट्याला धरून बाजूला काढलं. राहिलेल्या पावलांची पूजा नीट झाली.

मग सडकेपणा हाडात उतरला. नम्रताने करायचं ते सगळं केलं. शहरातून मोठे डॉक्टर आणले, रात्रंदिवस शेक दिला. तुळसा हाक मारायची आणि कावेरी पाय द्यायची. सुजून खांबाएवढा झालेला, वास मारणारा पाय ती धडपडत उचलून ओंडक्यावर ठेवायची. एकदाही तिने तो नाकारला नाही. नाकारला असता तर तुळसाला फार बरं वाटलं असतं. शेवटी कावेरी आडवी पडली आणि उठली नाही. पुरताना आम्ही जेसीबीला हार घातले, पालखीपुढे चाललेली पुण्यवान हत्तीण म्हणून भाषणं केली. नम्रता तिथे नव्हती, ती आदल्याच दिवशी सामान बांधून गेली होती, आमच्यापैकी कोणाचाही निरोप न घेता. गावात बोलणं निघालं, की तुळसाने पावलं पुसली म्हणून देव कोपला. हे बोलणाऱ्यांची तोंडं मला माहीत आहेत. त्यांच्या पंगतीला मी जेवतो.

शिमग्यात देवाची पालखी घरोघरी फिरते. तुळसाच्या खळ्यात पालखी टेकवली तेव्हा आम्हाला जरा धाकधूक होती, पण तिने अंगण सारवलं होतं, ओटी भरली. भाईंनी हात वर करून तिच्या वतीने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी पालखी ह्या लेकराच्या दारात इली आसा. तेचा रक्षण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

"गावच्या रयतेच्या हातसून काय चुकला-माकला आसात, तां पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा," तुळसा म्हणाली.

ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. भाई काहीतरी बोलायला गेले, पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती पालखीतल्या देवाकडे बघत होती.

"चुकून नाय," ती म्हणाली. "जाणून केलंव. तू, मी आणि हेनी."