बुडायच्या आत बघून घ्या

१९९० सालच्या सुमारास जळगावात माझ्या दुकानाशेजारी एका गृहस्थाचं सहलींचं ऑफिस होतं. रस्त्यावरून ट्रक गेला की तो नाकाला रुमाल लावायचा. भिंतीवर समुद्रातल्या बेटांचा फोटो. गिऱ्हाईक आलं की हळहळायचा, "बुडणार आहेत बिचारी. बुडायच्या आत बघून घ्या."

सावद्याचे एक केळीवाले नाना ट्रकमधून उतरून आले होते. त्यांनी विचारलं, "काबरं बुडतीन?"

"बंद खोलीत धूर कोंडून तुम्ही केळी पिकवता ना? पृथ्वीचं तेच झालंय. उष्णता बाहेरच जात नाही. बर्फ वितळतोय, समुद्र चढतोय."

"अन् विमानाचा धूर?"

"तो सगळ्यात वाईट. थेट वरच सुटतो."

"मंग जाऊ नये म्हनता?"

"असं कसं? तिथले लोक पाहुण्यांवरच जगतात. त्यांना उपाशी मारायचं का?"

अडाण्याला मी माफ केलं असतं. याला सगळं ठाऊक होतं आणि शिवाय दयाही येत होती. त्याच दयेपोटी त्याने नानांना विमानातली खिडकीजवळची जागा सुचवली.

बाहेर नानांचा ट्रक सुरू झाला. याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"नाना, ड्रायव्हरला जरा सांगा. केवढा धूर हा."