मरून राहिला होता

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझ्या बायकोला वाटतं. हे तिला माहीत नाही. कुणालाच नाही. दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून मोकळा झालो. आज तुम्हाला सांगतो आहे — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल, किंवा आणखी दाबून ठेवलं तर वेड लागेल म्हणून.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी नागपुरात एका सरकारी कचेरीत अनुवादक होतो. लोकांचे जबाब लिहून घ्यायचे, साहेबांना समजावून सांगायचे, मग त्यांचं इंग्रजी करायचं. आणि कचेरीच्या आधी, सकाळी, एलएल.एम.चे वर्ग. विषय आंतरराष्ट्रीय कायदा, त्यातही मानवी हक्क. तेव्हा या विषयाला कुणी विचारत नव्हतं. वर्गात आम्ही पाच जण, पाचही नोकरदार. प्रताप नगरातून सायकल हाणत निघायचो आणि वाटेत करारांतली कलमं पाठ म्हणायचो. जगण्याच्या हक्काचं कलम तर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. हसू येतं ना? खुशाल हसा.

माझ्या शुद्ध मराठीचा मला फार तोरा होता. आई “भात शिजून राहिला” म्हणाली की मी तिला सुधारायचो, “शिजतोय म्हण.” आमच्याकडे ‘राहिला’ जोडलं की ते काम अजून चालू असतं, संपलेलं नसतं. हे मला शिकावं लागलं नव्हतं. मी त्यातच वाढलो होतो — म्हणूनच तर सांगतो आहे.

गिरजाबाई नागपूरजवळच्या कुहीकडची. तिचा नवरा धनराज लकडगंजात एका आरागिरणीवर लाकडं वाहायचा. सागवान चोरल्याच्या संशयावरून त्याला एका ठाण्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिथेच गेला. छातीत कळ आली, क्षणात संपला, काही करायला वेळच नव्हता — असं पोलिसांचं म्हणणं. चौकशी आमच्या साहेबांकडे आली. साहेब पुण्याहून नुकतेच आलेले; माणूस भला, पण इकडची बोली त्यांच्या डोक्यावरून जायची. पोलिसांखेरीज साक्षीदार एकच — जेवणाचा डबा घेऊन गेलेली गिरजाबाई.

ती टेबलापाशी उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, “माहा माणूस मरून राहिला होता, साहेब. मी पाणी मांगून राहिली होती. अन् ते नुसते पाहून राहिले होते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मरून राहिला होता म्हणजे मरून पडला होता, असंच ना?

नाही. तो मरत होता. जिवंत होता, श्वास चालू होता, बायको गजांबाहेरून पाणी मागत होती आणि ते बघत उभे होते. ती एवढंच सांगत होती, आणि त्या खोलीत ते कळणारे आम्ही दोघंच — ती आणि मी. ठाण्यातले दोघे दाराशी उभे होते, तेही बाहेरगावचे. पण त्यांची नजर माझ्यावर होती. आणि टेबलावर साहेबांच्या हाताशी माझा कागद होता. परीक्षेला बसायला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा दाखला लागायचा. हीच चौकशी त्यात अनुभव म्हणून धरलेली. कागद देण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. चौकशी लांबली असती तर सही लांबली असती, वर्ष गेलं असतं. भीती होती की घाई? कशाचं किती, मला आजही सांगता येत नाही.

मी म्हणालो, “हो.”

इथे थांबलो असतो तर त्याला चूक तरी म्हणता आलं असतं. पण साहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मेलेल्या माणसाला पाणी कशाला मागत होती ही, असं त्यांनी विचारलं. म्हणजे मला परत फिरायची संधी दिली! आणि मी — ऐका, मी काय बोललो ते — मी म्हणालो, “इकडे मेलेल्याच्या तोंडात पाणी घालतात साहेब. रीत आहे.”

एका तहानलेल्या माणसाचं पाणी मी अंत्यविधीत घातलं. कुणी शिकवलं नव्हतं मला. आपोआप सुचलं.

मग जबाब मी तिला वाचून दाखवला, माझ्या शुद्ध मराठीत. ‘मृतावस्थेत आढळला’ वाचताना माझा आवाजही हलला नाही. “बराबर लिवलं ना गा भाऊ?” तिने विचारलं. मी मान हलवली. तिने अंगठा दिला. त्यानंतर साहेबांनी माझ्या दाखल्यावर सही केली.

कुणावरही खटला झाला नाही. मी पहिल्या वर्गात पास झालो. कोठडीतल्या माणसाचे हक्क, हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता, आणि परीक्षकांनी प्रत्यक्ष अनुभवाची जोड म्हणून पाठ थोपटली. पुढे मी हाच विषय शिकवला. तुम्ही माझ्या वर्गात असता तर मी तुम्हाला आवडलो असतो.

त्या जबाबानंतर दोन-तीन महिन्यांनी गिरजाबाई कचेरीत आली. दिराने जबाबाची नक्कल कुणाकडून तरी वाचून घेतली होती. तो आधीच मेला होता असं तूच सांगितलंस, तू पोलिसांना फितूर झालीस, म्हणून सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं होतं. ती रडत नव्हती. फक्त माझ्या तोंडाकडे बघत होती. “तू होता ना तठी. सांग भाऊ, मी असं काहून म्हणीन? मी काय म्हटलं होतं?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दाखला हातात होता, परीक्षा झाली होती, दाराशी कुणी उभं नव्हतं. घाबरण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी फायलीवरून नजर न उचलता म्हणालो, “बाई, तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय.”

ती हळूच म्हणाली, “मंग माहीच जीभ चुकली असन.” आणि माझ्याकडे पाहून, जणू मला उगाच तसदी दिली म्हणून, तिने हात जोडले.

तिची जीभ चुकली नव्हती.