कादरसाहेबांचे व्हायोलिन कुठून ऐकायचे

पहिला सूर लागायच्या आतच कादरसाहेबांनी निकाल दिला.

"हे माझं."

चादरीच्या पलीकडे वैशालीने अजून तारेवर गज टेकवला नव्हता. ती फक्त खुंटी पिळत होती. मी हेडफोन काढला.

"साहेब, अजून वाजवलंच नाही. कशावरून म्हणता?"

"खुंटी करकरली नं. तिसरी खुंटी अशीच करकरते. उस्तादांच्या हातात होतं तवापासून."

कोपऱ्यातल्या स्टुलावरून अप्पा म्हणाले, "बगा. कान शाबूत हाय मियाँचा."

"कान शाबूत हाय म्हणूनच भांडण हाय, अप्पा."

मी ती फेरी बाद केली.

लातूरला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. त्याआधी मी बातम्यांचे ध्वनिमुद्रण कापायचे काम करत असे. तिथली एक सवय अंगात राहिली. दोन बाजू असतील तर दोघांना सारखा वेळ द्यायचा, सारखा आवाज द्यायचा, आणि आपले मत खिशात ठेवायचे. शेजारी डाळमिल आहे. दुपारी मिल जेवणासाठी थांबते, तेवढ्यात मला बारीक आवाजाची कामे उरकावी लागतात. त्या दिवशीही वेळ तेवढाच होता.

कादरसाहेब नांदेडचे. आयुष्यभर व्हायोलिन वाजवले. लग्नांचे ऑर्केस्ट्रा, शाळांची गॅदरिंगे, गायकांची साथ, आणि घरी शिकवण्या. व्हायोलिन त्यांना हैदराबादच्या उस्तादांकडून मिळाले. आत जर्मन नावाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. अशा चिठ्ठ्या पूर्वी गठ्ठ्याने छापून चिकटवल्या जात, त्यामुळे तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. पण वाद्य जुने आहे. जिथे पिढ्यान् पिढ्या हात फिरला, तिथले पॉलिश उडून लाकूड मधासारखे दिसते.

काही वर्षांपूर्वी कादरसाहेबांचा उजवा हात थरथरू लागला. उजव्या हातात गज असतो. गज थरथरला की सूर तुटतो. त्यांनी वाजवणे थांबवले आणि व्हायोलिन पेटीत ठेवून दिले. आपल्याकडचा उन्हाळा पेटीलाही सोडत नाही. व्हायोलिनच्या फळ्या सरसाने चिकटवलेल्या असतात. कोरड्या हवेत सरस सुटतो. एका बाजूची शिवण उकलली. ते वाद्य लातूरला अप्पांकडे आले. अप्पा हार्मोनियम, तंबोरे, व्हायोलिन दुरुस्त करतात. कादरसाहेबांची आणि त्यांची दोस्ती इतकी जुनी, की दोघे एकमेकांच्या मुलांच्या लग्नात पंगतीला वाढायला उभे होते.

अप्पांनी वरची फळी उघडली, शिवण जुळवली आणि आतला साउंड पोस्ट पुन्हा उभा केला. साउंड पोस्ट म्हणजे पेन्सिलीएवढी लाकडी काडी. ती पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत उभी असते. नुसती दाबाने उभी, चिकटवलेली नसते. ती केसभर सरकली तरी आवाज बदलतो.

दुरुस्त झालेले व्हायोलिन कादरसाहेबांनी वैशालीला दिले. वैशाली मूळची उमरीची. घरची शेती. लहानपणी बसने नांदेडला येऊन ती त्यांच्याकडे शिकली. आता तिथेच एका शाळेत संगीत शिकवते. तिला रेडिओच्या ऑडिशनसाठी रेकॉर्डिंग पाठवायचे होते. ते आपल्या व्हायोलिनवर व्हावे, अशी कादरसाहेबांची इच्छा.

तिने ते त्यांच्यासमोर पहिल्यांदा वाजवले आणि कादरसाहेब म्हणाले, "बस कर, बेटा. याचा आवाज मेला."

त्यांचा हिशेब सरळ होता. पेटीत ठेवले तेव्हा आवाज होता. पेटीतून काढले तेव्हा नव्हता. मधे फक्त अप्पांचा हात लागला. म्हणजे अप्पांनी साउंड पोस्ट चुकवला. पुन्हा उघडायला हवे.

अप्पांनी नकार दिला. "लाकूड पापडावाणी झालंय मियाँ. पुन्यांदा सुरी घातली तर फळी चिरल. मी हात लावणार न्हाई."

"मग हैदराबादला नेतो."

"ने. आन् दोन तुकडे घिऊन ये."

त्यानंतर दोघांचे बोलणे बंद झाले. वैशाली माझ्याकडे आली तेव्हा हैदराबादच्या कारागिराशी बोलणे झाले होते. तिचे म्हणणे एवढेच होते की वाद्य उघडण्याआधी कोणीतरी त्रयस्थाने ऐकून सांगावे, आवाज खरोखर गेला आहे का. कादरसाहेब या अटीला तयार झाले. अप्पा तर आधीच तयार होते.

तुलनेला दुसरे व्हायोलिन वैशालीचेच होते. नवे, कोलकात्याकडच्या एका कारागिराने केलेले. दोन्हींना एकाच बनावटीच्या नव्या तारा लावल्या. गज एक, गजाला लावायची राळ एक, वाजवणारी एक, जागा एक. मधे सोलापुरी चादर. एवढी तयारी केली आणि पहिली फेरी खुंटीने घालवली.

दुसऱ्या फेरीआधी दोन्ही वाद्ये बाहेरच्या खोलीत सुरात लावून आणली. यावेळी मी ती समोरासमोर ऐकवलीच नाहीत. भूप रागातला एकच तुकडा दोन्हींवर रेकॉर्ड केला आणि दोन्ही रेकॉर्डिंग एका पातळीवर आणले. हे महत्त्वाचे असते. दोन आवाजांतला एक किंचित मोठा असला, तर माणसाला तोच चांगला वाटतो. तो मोठा आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. गोड आहे, भरीव आहे, असे काहीतरी तो सांगतो. नवे व्हायोलिन जरा दणकट बोलत होते. त्याला तेवढे खाली आणले.

मग स्पीकरवर ऐकवले. कधी हे आधी, कधी ते. प्रत्येक वेळी विचारले, जुने कोणते?

अप्पा कधी बरोबर आले, कधी चुकले. मी स्क्रीनकडे न बघता ऐकले, तर मीही तसाच. कादरसाहेबांचे मात्र एकदाही डळमळले नाही. मान खाली, डोळे मिटलेले, आणि उत्तर लगेच.

"हे. हेच माझं."

प्रत्येक वेळी त्यांनी नव्या व्हायोलिनला आपले म्हटले होते.

मी शेवटी निकाल सांगितला. बातमी सांगतात तसाच, एका वाक्यात. अप्पांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. ते उठले, माठातले पाणी ग्लासात ओतले आणि कादरसाहेबांपुढे धरले.

"म्हंजे अप्पा," कादरसाहेब म्हणाले, "तुझा कसूर न्हाई. माझाच कान गेला."

"आसं कामून म्हणतो? मीबी चुकलो की."

"तू चुकला तर तू कारागीर हाय, अप्पा. मी तर त्याच्यासंगं जिंदगी काढली. वैशाली बेटा, पेटी बंद कर. हैदराबाद कॅन्सल. आन् हे घरी ठिवून दे. जे मला वळखू येत न्हाई, ते मी तुला काय देणार?"

वैशाली म्हणाली, "उस्ताद, मला आवडतं हे."

"तुला माझ्यासाठी आवडतं."

तिने पेटी उघडली, पण व्हायोलिन आत ठेवले नाही. ते मांडीवर घेऊन बसून राहिली.

माझे काम खरे तर संपले होते. वाद्य उघडायचे नाही, हे ठरले होते. पण रेकॉर्डिंग ऐकताना मी एक गोष्ट पाहिली होती आणि ती जुळत नव्हती. प्रत्येक वेळी डोळे मिटले की कादरसाहेबांचा डावा हात गळ्याखालच्या आडव्या हाडावर जात होता. जणू तिथे काही टेकायचे राहिले होते.

आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात. वाद्याचे डोके उजव्या पायाच्या घोट्यावर, आणि बूड गळ्याखालच्या त्या हाडाशी टेकलेले. डावा कान वाद्यापासून जेमतेम वीतभर.

मी विचारले, "साहेब, तुमचं व्हायोलिन तुम्ही समोर बसून कधी ऐकलंय?"

"म्हंजे?"

"म्हणजे दुसरं कोणी वाजवतंय आणि तुम्ही ऐकताय, असं."

त्यांनी विचार केला. "उस्ताद वाजवायचे तवा. लई छोटा होतो. त्याच्यानंतर कुणाला हात लावू दिला न्हाई."

"रेकॉर्डिंगमध्ये?"

"हाव. ऑर्केस्ट्राच्या कॅसेटी होत्या नं. पण त्या समद्या खराब निघायच्या. आवाज पातळ यायचा. मी त्या रेकॉर्डिंगवाल्याला लई शिव्या दिल्या."

अप्पा हसले. "म्हंजे त्याचाबी साउंड पोस्ट सरकला होता का?"

मोबाइलमध्ये आपलाच आवाज पहिल्यांदा ऐकला की तो परका वाटतो. हा अनुभव सगळ्यांना आहे. कारण बोलताना आपण स्वतःला फक्त कानाने ऐकत नाही. कवटीतून, जबड्यातून आवाज आत पोचतो. तो जाड असतो, उबदार असतो. मोबाइलला तो मिळत नाही. समोरच्या माणसालाही मिळत नाही. कादरसाहेबांनी आपले व्हायोलिन आयुष्यभर असेच, हाडातून ऐकले होते. त्यांच्या ओळखीचा जो आवाज होता, तो दुसऱ्या कोणाला कधी ऐकूच आला नव्हता. पेटीत जाण्याआधीच्या आणि नंतरच्या काळाच्या मधे फक्त अप्पांचा हात आला नव्हता. ऐकणाऱ्याची जागाही बदलली होती. समोरून ऐकताना त्या जाड आवाजाच्या जवळचे त्यांना नवेच वाटत असावे.

हे मी त्यांना समजावून सांगू लागलो. वैशालीने मला पुरे करू दिले नाही.

"उस्ताद, मांडी घाला."

"काय करून राहिली तू?"

"घाला म्हणते नं."

शिष्या गुरूला असे बोलताना मी पाहिले नव्हते. कादरसाहेबांनीही बहुधा ऐकले नव्हते. ते सतरंजीवर बसले. तिने व्हायोलिनचे डोके त्यांच्या घोट्यावर ठेवले, बूड गळ्याखालच्या हाडाशी टेकवले. त्यांच्या डाव्या हाताने मान आपोआप धरली. ती त्यांच्या उजव्या बाजूला सरकून बसली आणि गज स्वतःच्या हातात घेतला.

मोकळ्या तारेवर तिने षड्ज लावला. लांब, न थांबता.

कादरसाहेबांची मान एका बाजूला झुकली. गज परत फिरला.

"हाय," ते म्हणाले. "अप्पा, हाय रे. हितंच हाय."

"मी कुठं म्हणलो गेलाय?"

परीक्षा म्हणून या प्रकाराला काही किंमत नाही. वाद्य त्यांच्या हातात होते, डोळे उघडे होते, आणि कोणते व्हायोलिन आहे हे त्यांना माहीत होते. मी ते तेव्हाही जाणून होतो. मायक्रोफोन मात्र चालू केला.

कारण त्यांची डावी बोटे हलू लागली होती. थरथर उजव्या हाताला होती, डाव्याला नाही. इतक्या वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. पहिले काही सूर विस्कटले. बोट पुढे गेले की गज मागे राहायचा.

"सावकाश ओढ," ते म्हणाले. "मी जातो तिकडं ये. आधी पळू नको."

"तुम्ही सांगत नाही कुठं जाताय ते."

"सांगायला कशाला लागतं? मीच शिकवलं नं तुला."

मग ते जुळले. तोच भूपातला तुकडा. बोटे त्यांची, गज तिचा. तिच्या बांगड्या वाजत होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता, गजाची दिशा बदलताना दर वेळी बारीक खंड पडत होता. ऑडिशनला पाठवण्यासारखे त्यात काही नव्हते. शेवटच्या सुरावर त्यांनी मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर बोट न उचलता घसरत जाणे, आणि गज त्याच्याबरोबर गेला. तो कुठे थांबणार हे तिला आधीच माहीत होते.

अप्पा म्हणाले, "बोटं तुझी, गज पोरीचा, सरस माझा. आता नाव कुणाचं लावायचं?"

"सरस लई लावतोस तू," कादरसाहेब म्हणाले.

एवढ्यात डाळमिल सुरू झाली.

जाण्याआधी कादरसाहेबांनी ऑडिशनचा निर्णय बदलला. ते स्वतःच म्हणाले, "रेडिओला नवं वाजव. समोरून ते गोड लागतं, मीच सांगितलं नं. ऐकणारे समोर बसत्यात. पण हे घरी रोज वाजव, बेटा. थोड्या सालानं तुझ्या हाडाला कळंल." व्हायोलिन वैशालीकडेच राहिले. फळी उघडली गेली नाही.

ऑडिशन नव्या व्हायोलिनवर झाले. ती पास झाली. वाद्य नवे होते की जुने, हे तिला कोणी विचारले नाही. रविवारी ती जुने घेऊन उस्तादांकडे जाते आणि तासभर गज ओढते. अप्पा कधीतरी नांदेडला उतरतात, खुंट्या सरकू नयेत म्हणून त्यांना खडू लावायला. तिसरी खुंटी करकरू द्यायची, अशी त्यांना सक्त ताकीद आहे.

अलीकडे माझ्याकडे दोन वाद्ये घेऊन कोणी आले आणि यातले चांगले कोणते ते सांगा म्हणाले, की मी तारा, गज, पातळी सगळे पूर्वीसारखेच सारखे करतो. त्याआधी एक प्रश्न विचारतो. ऐकणारा कुठे बसणार आहे? निम्मी कामे तिथेच मिटतात.

गळ्याखालच्या हाडाशी मायक्रोफोन लावता येतो का, हेही मी नंतर नांदेडला जाऊन करून पाहिले. कादरसाहेबांनी आनंदाने लावू दिला. रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन फारसे आले नाही. श्वासच आला.