दंडावरचा रुमाल

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराला मी कुवेतला होतो. तेल कंपनीच्या क्लबात गुरुवारी संध्याकाळी गोरे साहेब त्यांच्या खेड्याकडचा नाच करत, आणि ग्रामोफोनवर तबकड्या लावायचं काम माझ्याकडे होतं. पुरुषांची एक रांग, समोर बायकांची, आणि एकेक जोडी हात धरून मधून पळत जायची. बायका मात्र तिथे मोजक्याच. मग काही साहेब दंडाला पांढरा रुमाल बांधून बायकांच्या रांगेत उभे राहत; रुमाल असला की नाचापुरती ती बाई.

ते रुमाल रत्नागिरीकडचा एक वेटर बांधून द्यायचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गाठ मारली की तो त्या दंडावर हलकेच थोपटायचा.

“बाप्यांच्या बायका करता की हो!” मी एकदा हसून म्हटलं.

“आमच्या गावात उलटं हाय,” तो म्हणाला. “बाप्ये सगळे हिकडे, नायतर बोटीवर. छपरावर चढून कौलं बायकोच परतते. पोरीचं लगीनपण तिनंच जमवलं.”

नाच संपला. साहेबांनी हसत हसत रुमाल सोडून त्याच्या हातात दिले. तो एकेकाची घडी घालत राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “ह्यांचा रुमाल तासाभरात सुटतो. तिकडे बायको बाप्या होऊन बसलीय, तिचा सोडायला मी कधी जाणार?”